तळ्यातलं कोरडवाहू शेत

सोलापुरातून मोहोळच्या दिशेनं निघालं की एका ठिकाणी शहर संपल्यासारखं वाटतं. दोन बाभळी लागतात, एखादी म्हैस रस्ता अडवते, सुटलो बाबा असं म्हणेपर्यंत वळणापलीकडं पुन्हा घरंच घरं. ती घरं म्हणजे माझ्या चुलतीचं शेत.

यात अलंकार वगैरे काही नाही. मला अलंकार येत नाहीत, मी चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माल पाठवण्याचं बघतो. ओढ्याकाठचं ते तीन एकर गाळाचं रान चुलतीला तिच्या वडलांनी दिलेलं. लग्न झाल्यावर चुलत्यांनी तिथलं एक ढेकूळ फोडलं, नाकाला लावलं, चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि म्हणाले, हिच्या विटा फार देखण्या होतील. दुसरा एखादा नवरा असता तर बायकोच्या रानाकडं बघून ज्वारी म्हणाला असता. चुलत्यांनी भट्टी घातली. चुलतीला मात्र शब्द दिला, "वरचा एक थर तेवढा घेतो. शेताला कळायचं बी न्हाय."

पहिल्या वर्षी एक थर घेतला. दुसऱ्या वर्षी एक थर घेतला. चुलते शब्दाला इतके पक्के की चाळीस वर्षांत त्यांनी एका वेळी दोन थर कधी घेतले नाहीत. शेवटी दोन-दोन पुरुष खोल असे तीन खड्डे पडले. त्यातला सगळ्यात मोठा इतका खोल होता की वरती न्याहारी आटोपून माणूस खाली उतरला की तिथं अजून पहाट असायची. खाली काम करणाऱ्या बायका दिवसातून दोनदा दात घासायच्या. हे मी डोळ्यानं पाहिलंय. न पटणाऱ्यानं येऊन खड्डा बघावा, म्हणजे आता बघता येणार नाही, पण यावं.

मग शहर जवळ आलं, धुराच्या तक्रारी झाल्या, सिमेंटचे ठोकळे निघाले आणि भट्टी थंड झाली. खड्डे राहिले. पहिल्या खड्ड्यात कुणीकुणी राडारोडा आणून टाकला, तो भरला, आणि त्यावर एक मंगल कार्यालय उभं राहिलं. पहिल्या लग्नाला वऱ्हाड तीन पायऱ्या चढून आत गेलं होतं. जेवणावळी वाढत गेल्या तशी इमारत दर मुहूर्ताला बोटभर खाली बसत गेली, आणि आता वऱ्हाड दोन पायऱ्या उतरून आत जातं. दुसरा खड्डा कोरडाच राहिला, तिथं क्रिकेट चालतं. त्या मैदानावर आजवर कुणालाही षटकार मारता आलेला नाही. चेंडू कितीही उंच मारा, तो चारी बाजूंच्या मातीच्या भिंतींना विचारून परत गोलंदाजाच्या हातात येतो. सोलापुरातले सगळे थोर गोलंदाज त्या खड्ड्यातून निघाले, वर आले आणि तिथंच संपले.

तिसऱ्या खड्ड्यात पाणी साचलं. ही गोष्ट त्या खड्ड्याची.

माती खणणाऱ्यांची एक रीत असते. खणत खाली जाताना मधोमध एक चौकोनी खांब तसाच सोडायचा, डोक्यावरच्या गवतासकट. जमीन आधी कुठवर होती आणि किती खोल खणलं, याचं माप त्या खांबावरून निघतं. आमच्याकडं त्याला साक्षीदार म्हणत. माप झालं की साक्षीदाराचं काम संपतं. मग त्यालाही पाडतात आणि त्याच्याही विटा होतात.

तिसऱ्या खड्ड्यातला साक्षीदार पाडायचा दिवस आला तेव्हा चुलती काठावर उभी होती. तिनं एकदा डावीकडं बघितलं, एकदा उजवीकडं बघितलं. वडलांचं रान जिथवर होतं तिथवर आता हवा होती. उरला होता तो मधला खांब, वर बाजेएवढी जागा, हरळी माजलेली. ती खड्ड्यात उतरली, साक्षीदाराला शिडी लावली, वर चढली, शिडी वर ओढून घेतली आणि मांडीवर विळा घेऊन बसली.

"अगं, उतर की," चुलते खालून म्हणाले. "मानसं बघाय लागलीत."

"बघू द्या. आपल्या शेतात बसलीया, चोरी न्हाय."

"माप घ्यायचं हाय त्येचं."

"मग घ्या की. वर म्या बसलीया तितनं धरा."

दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी चुलत्यांनी हात जोडले, आणि तो खांब जगातल्या सगळ्यात लहान शेताच्या पदावर कायम झाला. चुलती दर वर्षी गणपती उठले की तिथं शाळू पेरायची. शाळू म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, पाणी न मागणारी, वरच्या दवावर वाढणारी. खड्ड्यात तेव्हा गुडघाभर पाणी असायचं. ती लुगडं खोचून पाण्यातून जायची, शिडी चढायची, पेरायची, उतरायची. चुलत्यांना मात्र तिनं वर कधी पाय ठेवू दिला नाही. "तुमचा पाय लागला की जमीन खाली जाती," असं तिचं म्हणणं होतं, आणि ते खोडून काढावं असा पुरावा चुलत्यांकडं नव्हता.

पुढं भोवती घरांची वसाहत झाली, आणि त्या नगरानं आपलं पावसाचं पाणी त्या खड्ड्याकडं वळवलं. पाणी वाढत वाढत काठाच्या हातभर खाली आलं आणि तिथंच राहिलं. मधे साक्षीदार हातभर डोकं काढून उभा. पाण्यात मातीचा खांब विरघळला कसा नाही, हे बघायला एक इंजिनीअर आला होता. चुलतीनं त्याला सांगितलं की हरळीची मुळं पार खालपर्यंत गेलीत, त्यांनी बांधून ठेवलाय. इंजिनीअर म्हणाला, असं होत नसतं. चुलती म्हणाली, मग घरी जावा. तो गेला. पण तीन हंगाम तिथं पेरणी झाली नाही, कारण चुलतीला पोहता येत नव्हतं आणि चुलत्यांना येत होतं.

मागल्या वर्षी काठावर एक फलक लागला: नियोजित तलाव सुशोभीकरण. कारंजं, बाकं आणि राजहंसाच्या आकाराच्या पायडलच्या बोटी. नगराचे अध्यक्ष, सेवानिवृत्त साहेब, माणूस सज्जन, बोलणं अजून कचेरीतलंच. ते स्वतः घरी आले.

"काकू, तो मधला ओटा बोटींच्या आड येतो. तुमची परवानगी लागेल असं नाही, पण म्हटलं कळवावं. सातबाऱ्यावर तीन वर्षं पीक नाही. तिथं पाणी अशी नोंद लागली की ओट्याचा विषय आपोआप क्लोज होतो. फक्त प्रोसिजर आहे."

"ओटा न्हाय, शेत हाय त्ये," चुलती म्हणाली.

"शेत असतं तर पीक असतं ना, काकू."

ते चहा पिऊन गेले. चुलतीनं कपबशी विसळून पालथी घातली. मग मला म्हणाली, "आरं, सातबाऱ्यावर पीक लावत्यात कसं?"

मी सांगितलं की आता ते फोनवर होतं. शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहायचं, पिकासकट फोटो काढायचा, मग विचारतील त्याची उत्तरं भरायची. मुदतीत.

"आन त्ये न्हाय केलं तर?"

"मग पड लागेल. नाहीतर पाणी."

"बरं," ती म्हणाली. "तुज्याकडं फोन हाय न्हवं?"

त्या क्षणापासून या प्रकरणात माझं काय होणार, हे ठरून गेलं.

पेरायचं कसं, हा पहिला प्रश्न. चुलतीनं तो गोफणीनं सोडवला. लहानपणी याच रानात ती माळ्यावर बसून पाखरं राखायची, आणि तिच्या गोफणीची कीर्ती अशी की मोहोळपर्यंतचे पोपट वाट वाकडी करून अक्कलकोटवरून जायचे. तिनं काठावरची माती मळली, तिचे लिंबाएवढे गोळे केले, प्रत्येकात शाळूचे चार दाणे घातले, उन्हात वाळवले. गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर उभी राहून तिनं पहिला गोळा सोडला. सत्तरी उलटलेल्या बाईचा नेम आता जरा उंच जात होता. पहिला गोळा शेतावरून, तळ्यावरून, फलकावरून जो गेला तो अध्यक्षांच्या गच्चीवर.

दुपारपर्यंत गोफण चालू होती. नऊ गोळे शेतात पडले. बाकीचे नगरात सर्वदूर पोचले. अध्यक्ष खाली आले.

"काकू, टेरेसवर काहीतरी पडतंय."

"पाखरं असतील."

"पाखरं मातीचे गोळे टाकतात?"

"बघा की. काय दिवस आलेत."

थंडी सुरू झाली तेव्हा साक्षीदाराच्या डोक्यावर शाळू छातीभर आला होता. पाण्याच्या मधोमध तो हिरवा चौकोन असा दिसायचा की जाणारे-येणारे गाडी थांबवायचे, फोटो काढायचे आणि आपल्या पुण्याच्या पाहुण्यांना सांगायचे की आमच्याकडं ज्वारी पाण्यावर तरंगते. फोटो सगळ्यांनी काढले. पण ते उपयोगाचे नव्हते, शेतकरी पिकात हवा होता. आणि मुदतीला चारच दिवस राहिले होते.

इथं चुलत्यांनी कामगिरी अंगावर घेतली.

त्यांच्याकडं शेवटच्या भट्टीच्या कच्च्या विटा होत्या. थापून, वाळवून, रचून ठेवलेल्या, पण भाजायच्या राहिलेल्या. भट्टी बंद झाली त्याला इतकी वर्षं झाली तरी त्यांनी त्या पत्र्याखाली जपून ठेवल्या होत्या. रोज सकाळी जाऊन एखादीवरून हात फिरवायचे, जणू घोडाच. ते म्हणाले, "उतारापास्नं शेतापतुर इटांची वाट घालतो. कोरड्या पायानं जाशील, लक्ष्मीवानी."

मी म्हणालो, "काका, त्या कच्च्या आहेत."

चाळीस वर्षं विटा केलेल्या माणसाला मी कच्च्या आणि पक्क्या विटेतला फरक सांगत होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं ते माझ्या कीव करण्याजोग्या टॉवेलकडं बघावं तसं. "लेका, तिची माती पान्यात इतकी वर्सं उबी हाय का न्हाय? मग त्याच मातीच्या माज्या इटा का उब्या ऱ्हायच्या न्हाईत? तिची तर नुसत्या गवतानं धरलीया. माज्या माज्या हातच्या हायत."

म्हणजे भानगड विटेची नव्हतीच. चाळीस वर्षं ज्या बाईनं त्यांच्या एकाही विटेला बरं म्हटलं नव्हतं, तिला त्यांना त्या विटांवरून चालवायचं होतं.

पूर्वी गाढवं माती वाहायला जिथून खाली उतरायची तो उतार अजून होता, पाण्याखाली. साक्षीदार त्याच्यापासून फार लांब नव्हता. चुलत्यांनी दोन दिवस विटा वाहिल्या. उतारावरून सुरुवात करून पाण्यात रचत, पुढं सरकत, वर कोरड्या विटांचा थर देत त्यांनी खरंच शेतापर्यंत एक वाट नेली. तिसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर नेसून, टोपी सारखी करून ते वाटेच्या तोंडाशी उभे राहिले. नगरातली पाचपन्नास माणसं काठावर आली होती. अध्यक्ष खुर्ची घेऊन आले होते.

"आदी म्या जातो," चुलते म्हणाले. "मग तू ये."

पहिली दहा पावलं ते राजासारखे चालले. अकराव्या पावलाला मला वाटलं की ते थोडे बुटके दिसतायत. पंधराव्याला धोतराचा काठ भिजला. पण ते थांबले नाहीत, आणि आपण खाली जातोय हे त्यांनी मान्यही केलं नाही. ताठ मानेनं, एक हात मागं करून तिला बोलावत ते पुढं पुढं जात राहिले आणि कमी कमी होत गेले. गुडघे गेले, कंबर गेली. भोवतीचं पाणी चहासारखं लाल झालं. छातीपर्यंत गेल्यावर ते थबकले आणि मागं वळून म्हणाले, "जरा वली हाय. ये सावकाश."

चुलती काठावरून म्हणाली, "अवं, किती खाली जाताय? एक थर म्हनला होता."

पन्नास माणसं एकदम अशी हसली की तळ्यातले बगळे उठले ते हिप्परग्याच्या तलावावर जाऊन बसले. चुलते मात्र हसले नाहीत. पोहत काठाला आले, टोपी पिळली आणि पत्र्याखाली जाऊन रिकाम्या जागेशेजारी बसून राहिले. चुलती त्यांच्यासाठी कोरडं धोतर घेऊन गेली. धोतर दिलं, ओली टोपी घेऊन वाळत घातली. ते धोतर बदलताना मला म्हणाले, "तिचं शेत गेलं तर माजी साक्ष काडाय कुनी उरत न्हाय बग. म्या केलं त्येला एकच जागा हाय दाखवाय, की हितवर जमीन होती."

मुदतीचा शेवटचा दिवस उरला. मी मोहोळजवळच्या आमच्या पाहुण्यांना फोन लावला. त्यांचं गुऱ्हाळ आहे. गुऱ्हाळात उसाचा रस ज्या लोखंडी पसरट भांड्यात आटवतात ती काहील, एका खोलीएवढी रुंद. पूर आला की गावात तिच्यातून माणसं काढतात, हे मी ऐकून होतो. पाहुणे म्हणाले, न्या, पण चरक उद्या सुरू होणार, सकाळी परत पाहिजे. टेम्पोवर उलटी घालून काहील आणली तेव्हा रस्त्यातल्या लोकांना वाटलं, मंगल कार्यालयाला घुमट बसतोय.

काहील पाण्यात सोडली. ती तरंगली. चुलती पदर खोचून आत बसली. वल्हं म्हणून मी भट्टीवरचं लांब दांड्याचं फावडं घेतलं. इथं सांगून ठेवतो की मी उत्तम पोहतो, फक्त पाण्यात नाही.

गोल भांड्याला पुढं आणि मागं नसतं, हे काठावर असताना ध्यानात येत नाही. मी डावीकडं फावडं मारलं की काहील उजवीकडं गरकन फिरायची, उजवीकडं मारलं की डावीकडं. आम्ही कुठंही जात नव्हतो, पण वेगानं. त्यात ऊन चढलं, काहिलीच्या कडेला रिव्हेटांत अडकलेला गेल्या हंगामाचा गूळ पाझरला आणि त्यात मुक्कामाला असलेले मुंगळे बाहेर आले. सोलापुरी मुंगळा चावला की माणूस तीन भाषांत बोलतो. मी मराठीत सुरुवात केली, मधे भवानी पेठेतल्या शेजाऱ्यांकडून ऐकलेली तेलुगू वापरली आणि कानडीवर आलो तेव्हा चुलती म्हणाली, "आरं, तोंडानं न्हाय, हातानं वल्हव."

"काकी, ही फिरतीये."

"मग फिरू दे. फिरत फिरत फुडं ने. जात्यावर बसल्यावानी हाय, त्यात काय."

आणि खरंच, तिनं जात्याचा खुंटा धरावा तसा फावड्याचा दांडा माझ्याबरोबर धरला आणि दळावं तशी ती लोटत राहिली. आम्ही सतरा गिरक्या घेत शेताला लागलो. ती आधी चढली. तीन हंगामांनी तिचा पाय त्या मातीला लागला. तिनं वाकून ज्वारीचं एक धाट हातात घेतलं, कणसावरून बोट फिरवलं आणि खाली न बघता म्हणाली, "भरलंय." एवढंच. मला वाटलं होतं बाई रडेल. तिनं लगेच दोन धाटं वाकली होती ती सरळ केली.

मी वर चढलो. बाजेएवढं शेत, त्यात छातीभर ज्वारी, त्यात चुलती, त्यात मी. फोन काढला.

"पीक कुठलं?" मी वाचून दाखवलं.

"शाळू."

"क्षेत्र किती?"

"समदं. तीन एकर."

"काकी, हे बाजेएवढं आहे."

"त्येनं विचारलंय का बाज किती? शेत विचारलंय न्हवं? तीन एकर टाक."

टाकलं. पुढचा प्रश्न होता पाण्याच्या सोयीचा. विहीर, कालवा, तळं, कोरडवाहू.

"कोरडवाहू," ती म्हणाली.

मी भोवती बघितलं. चारी बाजूंनी दोन पुरुष पाणी होतं.

"म्या दिलंय का त्येला पानी?" ती म्हणाली. "एक तांब्या बी दिला न्हाय. बापाचं रान कोरडवाहू हाय, कोरडवाहूच ऱ्हाईल."

आता फोटो. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि फोटो काढायचा म्हटल्यावर आमच्याकडं सगळेच होतात तशी एकदम दगडाची झाली. मी फोन वर धरला. ज्वारी आली, चुलती आली नाही. थोडं मागं सरलो. चुलतीचं नाक आलं. आणखी थोडं मागं सरलो. पूर्ण चुलती, पूर्ण पीक, मागं फलकाचा अर्धा भाग, असा सुंदर फोटो निघाला, आणि मी मागच्या मागं तळ्यात गेलो.

पाण्यात जाताना माणसाला आयुष्य आठवतं म्हणतात. मला फक्त हप्त्यावर घेतलेला फोन आठवला. तो हात मी वरच ठेवला. खाली जात राहिलो, जात राहिलो, आणि गळ्यापर्यंत गेल्यावर पाय कशात तरी रुतले. मऊ, दाट, गुडघाभर चिखल. चुलत्यांच्या विटा. विरघळून तिथंच बसल्या होत्या, शेताच्या बुडाशी. काठावरनं चुलते धावत उतारावर आले होते, पाण्यात झेप घ्यायच्या बेतात. मी ओरडलो की उभा आहे, उभा आहे.

"कशावर?" ते तिथून म्हणाले.

"तुमच्या विटांवर."

त्यांनी काठावरच्या माणसांकडं असं वळून बघितलं की विचारू नका. मी मात्र हात वर करून तसाच उभा, कारण पडद्यावर माहिती जातीये असं गोल चक्र फिरत होतं आणि खाली आणला की रेंज जायची. शहरातल्या एखाद्या पुतळ्याची उभं राहायची पद्धत मला त्या दिवशी समजली. पाच मिनिटांनी पडद्यावर नोंद झाली असं आलं.

आठवड्यानं तलाठी पडताळणीला आले. तरुण होते, हेल्मेट हातात, अध्यक्ष बरोबर. त्यांनी काठावरून पाहिलं, फोनमध्ये पाहिलं, परत काठावरून पाहिलं.

"आजी, तीन एकर ज्वारी लावलीय तुम्ही. मला एवढीच दिसते."

"उरल्यालं शेत उबं हाय की."

"कुठं?"

"चला दावते."

ती पुढं, तलाठी मागं, त्यांच्या मागं अध्यक्ष, त्यांच्या मागं मी आणि चुलते. ती थेट अध्यक्षांच्या घरामागं गेली. तिथं भिंतीचा गिलावा पडला होता आणि विटा उघड्या होत्या. प्रत्येक विटेवर तीन बोटांचा ठसा. चुलते ओल्या विटेवर तेवढी खूण करायचे. चुलतीनं त्यांचा हात धरला, मनगटाला धरून भिंतीपाशी नेला आणि त्यांची तीन बोटं त्या ठशात बसवली. बसली बरोबर.

"ही माजी माती," ती म्हणाली. "पुडची भित बी माजी. त्या समोरच्या घराची बी. आता पीक बगायचं का? जिना कुटं हाय?"

गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, कुंड्यांत, पन्हळीत, मोगऱ्याच्या शेजारी, जिथं जिथं गोळा फुटला होता तिथं तिथं शाळू पोसवला होता. अध्यक्षांच्या पत्नी त्याला परदेशी गवत समजून पाणी घालत होत्या. त्यामुळं कणसं टरारून आली होती, चुलतीच्या शेतातल्यापेक्षा भारी.

तलाठ्यांनी खिशातून फोन काढला. "म्हणजे आजी, हे घर तुमच्या मातीचं आहे आणि वर तुमचं पीक उभं आहे."

"व्हय."

"साहेब, हे म्हणायला गेलं तर," ते अध्यक्षांकडं वळून अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "इथं ज्वारीची नोंद लागते."

तो माणूस चेष्टा करत होता हे मला त्याच्या कानाच्या पाळ्या हलल्या त्यावरून कळलं. अध्यक्षांना कळलं नाही. तीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला एकदा लागलेली नोंद काढायला काय लागतं ते ठाऊक असतं. त्यांचा चेहरा गिलाव्यासारखा उतरला.

"नाही नाही," ते म्हणाले. "काकूंचं शेत तळ्यातच आहे. मी स्वतः बघितलंय. बोटींचं काय, बोटी वळसा घालून जातील. तिथं ज्वारी लावा. तिथंच लावा."

तलाठ्यांनी तिथल्या तिथं दुरुस्ती केली. तीन एकर खोडलं. बाजेएवढं क्षेत्र भरायला गेले तर त्यांच्या फोनला एक गुंठ्याखाली जाता येईना. दोन-तीनदा करून पाहिलं, मग म्हणाले, "एक गुंठा ठेवतो, आजी. चालेल?" आणि एक गुंठा ज्वारी, कोरडवाहू, अशी नोंद झाली. त्या खड्ड्यातलं बाकीचं पाणी.

घरी आल्यावर चुलत्यांनी गूळ-शेंगदाणे काढले. "झालं की मनासारकं."

"कुटं झालं?" चुलती म्हणाली. "कागदावर गुंटा हाय, तितं बाज हाय. त्या पोरानं आपल्यासाटनं सई केली. उद्या कुनी मोजाय आलं, तर त्येनं काय तोंड दावायचं?"

चुलत्यांनी तोंडातला गूळ तसाच ठेवला. "मग?"

"मग भरा की. तुमच्या इटांनी बूड झालंयच तितं. त्याच्या वर टाका."

आता नगरात कुठं नव्या घराचा पाया खणायला लागले की चुलते पाटी घेऊन हजर असतात. माती काहिलीत भरायची आणि शेताच्या कडेला नेऊन सोडायची. काहील पाहुण्यांनी अजून परत मागितलेली नाही, म्हणजे मागितली आहे, मी फोन उचललेला नाही. मी हिशोब करून चुलत्यांना सांगितलं की या गतीनं गुंठा भरायला एकशे साठ वर्षं लागतील. त्यांनी विचारलं, किती थर?

परवा मी काठावर उभा होतो. चुलती शेतात, चुलते काहिलीत, कडेला टेकून. तिनं पहिल्यांदाच त्यांना इतकं जवळ येऊ दिलं होतं. त्यांनी पाटी रिकामी केली आणि वर बघून विचारलं, "बसली का?"

तिनं वहाण काढली, नव्या मातीवर एक पाय ठेवला आणि भार टाकून पाहिला.

"टाका अजून," ती म्हणाली. "पाय बुडतोय."